बन्याचं आमेन

नाताळ उलटला की बडोद्याचं आकाश हळूहळू कागदाचं व्हायला लागतं. आधी एखादा चुकार पतंग लहरीपुऱ्याच्या दरवाजावर दिसतो, मग मांडवीकडून दोन-चार, आणि पौष अर्धा होतो न होतो तोच घारी-कबुतरांना उडायला जागा उरत नाही. दरवाजाबाहेर रस्त्याच्या कडेला खांबाखांबांतून दोरा ताणून त्याला काचेची भुकटी आणि गुलाबी रंग चढवणारे लोक बसतात. त्यांचे हात कोपरापर्यंत गुलाबी असतात. शाळेतून घरी येताना मी या दिवसांत तो रस्ता टाळते, वळसा घालून नदीच्या बाजूनं येते. त्याचा काही उपयोग होत नाही. रस्त्याला वळसा घालता येतो, आकाशाला कुठून घालणार?

शाळेतल्या बायकांना वाटतं, ख्रिस्ती मास्तरीणबाईंना आपला सण चालत नसावा. परवा एकीनं मला चांगलं समजावलं, "शांताबेन, पतंगमां शुं पाप छे? ए तो कागळ छे!" कागद आहे हे मलाही ठाऊक आहे. मी "खरंय बाई" म्हटलं आणि तिनं दिलेली तिळाची चिक्की तोंडात टाकली. खरं सांगत बसले असते तर मधली सुट्टी संपून गेली असती, आणि तिचा सण उगाच नासला असता.

माझा धाकटा भाऊ बन्यामिन. बाप्तिस्म्याचं नाव ते, घरात बन्या. शेंडेफळ म्हणून बाबांनी ते नाव निवडलं होतं. मी सांगते आहे त्या हिवाळ्यात तो नुकताच शाळेत जायला लागला होता आणि मी वरच्या वर्गात होते. महाराजांच्या मिशा तेव्हा काळ्याभोर होत्या. आमच्या शाळेतल्या तसबिरीत त्या अजून काळ्याच आहेत, खऱ्या मात्र केव्हाच्या पांढऱ्या झाल्या. आम्ही नदीपलीकडे, मिशनच्या आवाराला लागून दोन खोल्यांत राहत होतो. दारात कडुलिंब, मागे विहीर, आणि त्याच्या पुढे शेतंच शेतं. कारेलीबागेकडे तर तेव्हा नुसत्या वाड्या होत्या. संध्याकाळी तिकडून ओल्या मातीचा आणि मेथीचा वास यायचा.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. दिवसभर दुसऱ्यांचे मसुदे स्वच्छ अक्षरात उतरवायचे, हे त्यांचं काम. पण चर्चच्या मंडळीत प्रार्थनेला उभे राहिले की हा माणूस कारकून राहत नसे. आवाज खर्जातला, शब्द भारदस्त, वाक्यं लांबच लांब आणि कुठे म्हणून अडखळणं नाही. "हे करुणासागरा, हे दीनबंधो" असं म्हणत ते सुरू झाले की समोरच्या बायका पदराचं टोक हातात धरूनच बसत, लागेल म्हणून. "आज यशवंतराव आहेत ना?" असं लोक दारातच विचारत. एखाद्या गवयाबद्दल विचारावं तसं. बाबांना ते आवडायचं. आवडू नये असं काही नव्हतं त्यात.

घरी मात्र आम्ही त्या प्रार्थनांचे बळी होतो. जेवणाआधी डोळे मिटायचे, हात जोडायचे, आणि बाबांनी आभार मानायला सुरुवात करायची. शेतकऱ्यापासून पावसापर्यंत आणि महाराजांच्या राज्यकारभारापासून अनाथ-विधवांपर्यंत कुणी म्हणून सुटायचं नाही. तोवर पिठल्यावर साय यायची. बन्याला भूक म्हणजे भूक. बाबा श्वास घ्यायला जरा थांबले की हा संधी साधून जोरात म्हणायचा, "आमेन!" आणि भाकरीला हात घालायचा. बाबा डोळे न उघडता म्हणत, "बन्या, अजून संपली नाही." आणि जिथं थांबले होते तिथून पुढे. आई पदराआड हसायची. मी डोळे किलकिले करून बघत असे, म्हणून मला माहीत.

आईची प्रार्थना ही प्रार्थनाच नव्हे, असं मंडळीतल्या बायकांचं मत होतं. ती लहरीपुऱ्याच्या आतल्या एका शिलेदाराच्या घरातली. लग्नानंतर बाबांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांच्यामागून तिनं. त्या दिवसापासून माहेरचं दार तिला बंद झालं, ते झालंच. बाजाराला गेली तरी त्या गल्लीशी ती मान वळवत नसे. देव तिनं नवा घेतला, पण देवाशी बोलायची रीत माहेरची ठेवली. चुलीपुढे बसून ती सरळ बोलायची. "देवा, लाकडं ओली आहेत, आता तूच सांग." "देवा, ह्या पोरीला थोडी अक्कल दे, तुझ्याकडे कमी आहे का?" मी एकदा तिला विचारलं होतं, तुला प्रभू येशू का आवडला? बाबांनी या प्रश्नाला तासभर उत्तर दिलं असतं. ती भाकरी थापता थापता म्हणाली, "तो मित्राच्या कबरीपाशी रडला, म्हणून. रडणारा देव मला कळतो."

दर बुधवारी दिवेलागणीला कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनासभा असे. सतरंजीवर गोल बसायचं आणि प्रार्थना उजव्या हातानं फिरत यायची. ज्याच्यापाशी ती आली त्यानं चार शब्द मोठ्यानं बोलायचे, मग सगळ्यांनी आमेन म्हणायचं, मग पुढचा. कुणी गुजरातीत बोले, कुणी मराठीत. देवाला दोन्ही येत असणार असं आम्ही धरून चाललो होतो. प्रत्येकाची वाक्यं ठरलेली होती. कुणाचं कोणतं वाक्य केव्हा येणार हे मला पाठ होतं. दुःखाच्या घरी सभा असली की बाबांचं एक वाक्य हमखास यायचं. "प्रभो, जे आहे ते तुझेच आहे. तू दिलेस, तू मागितलेस तर आम्ही हसतमुखाने तुझ्या ओंजळीत परत ठेवू." ते ऐकून माणसं हुंदके देत आणि घरी जाताना जरा हलकी होऊन जात. मी पाहिलं आहे. वाक्य वाईट नव्हतं.

नाताळच्या रंगीत पताका दारावरून उतरवायच्या होत्या तेव्हाच बन्याला ताप आला. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन पोट दाबून बघून गेले. मुदतीचा ताप, म्हणाले. मुदत भरेपर्यंत जपायचं, नुसतं पातळ द्यायचं, बाकी काही करण्यासारखं नाही. बन्याला याच्याशी कर्तव्य नव्हतं. बाबांनी त्याला नाताळात फिरकी आणून दिली होती, चांगली मोठी, गुलाबी मांजाची. ती घेऊन तो निजला. कुणी काढून घेतली तर ग्लानीतही मूठ वळायची. घामानं मांजाचा रंग त्याच्या तळहाताला लागला होता. पतंग आईनं भिंतीवर खुंटीला अडकवला होता, त्याला दिसेल असा. "ताप उतरला की उडवू हं," बाबा रोज कचेरीतून आल्यावर म्हणत. पगडी काढायच्या आधी म्हणत.

शेजारच्या जीवीबेन दिवसभर आमच्याकडेच असायच्या. सावली गावाकडच्या त्या, दुष्काळात पोरक्या होऊन मिशनात आलेल्या. बोलायच्या कमी. कपाळावरच्या पाण्याच्या घड्या बदलायच्या आणि आईला जबरदस्तीनं दोन घास खायला लावायच्या. गावाकडून आलेला पोंक त्यांनी माझ्यासाठी ओच्यात बांधून आणला होता. ते भाजलेले कोवळे ज्वारीचे दाणे मी दारात बसून एकेक करून खाल्ले. घरात एवढं आजारपण, आणि ते दाणे इतके गोड लागत होते, याची मला लाज वाटत होती. अजूनही पोंकाचा वास आला की मला आधी औषधाचा वास येतो.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या, आधीच्या बुधवारी सभेची पाळी आमची होती. जीवीबेन म्हणाल्या पुढे ढकला. मंडळीच्या पाळकसाहेबांनीही विचारलं, ढकलायची का. बाबा म्हणाले, लेकरू आजारी असताना तर सभा आमच्याच घरी व्हायला हवी. ते खरंच तसं मानत होते. बाहेरच्या खोलीत सतरंजी अंथरली, कंदील लावला, माणसं गोल बसली. आतल्या खोलीत आई बन्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मध्ये फक्त एक पडदा. बाहेर अंगणात शेजारची पोरं कापलेल्या पतंगामागे ओरडत पळत होती; त्यांना कुणीतरी दटावलं, ती गप्प झाली.

प्रार्थना फिरत फिरत बाबांपाशी आली. मी त्यांच्या शेजारी बसले होते. त्यांची बोटं सतरंजीचा काठ उसवत होती, हे मला दिसत होतं. आवाजाला मात्र त्याचा पत्ता नव्हता. आवाज नेहमीसारखा होता, खोल, गोल, एकसारखा. करुणासागर आला, दीनबंधू आला, वैद्यांचा वैद्य आला. पडद्यापलीकडच्या लेकराची तहान आणि तगमग आली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. आणि मग, सुरात चालत असलेलं माणूस जसं ओळखीच्या जागी आपोआप वळतं, तसे बाबा त्या वाक्यापाशी आले. "प्रभो, हे लेकरू तुझेच आहे. तू दिलेस, तू मागितलेस तर आम्ही हसतमुखाने तुझ्या ओंजळीत परत ठेवू."

"आमेन," सगळे म्हणाले.

"नाही," आई आतून म्हणाली.

ती ओरडली नाही. चुलीपुढून बोलावं तशी बोलली. "मी नाही ठेवणार परत. आणि हसतमुखानं कोण देणार आहे? तुम्ही?"

पाळकसाहेबांनी घसा खाकरला. तेवढ्यात आई पुन्हा बोलायला लागली, आणि ती बाबांशी बोलत नव्हती हे आम्हाला कळायला क्षणभर लागला. "देवा, ह्यांचं मनावर घेऊ नकोस. ह्यांना बोलायची सवय आहे. तू माझं ऐक. बन्याला नेऊ नकोस. मला तो हवा आहे. दुसरं मला काही म्हणायचं नाही."

प्रार्थना संपली होती, पण आमेन कुणी म्हणेना. कसं म्हणणार? असल्या प्रार्थनेला आमेन म्हणायची कुणाला सवयच नव्हती. पाळकसाहेब जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, आता ही प्रार्थना तिकीट न लावलेल्या पाकिटासारखी इथंच पडून राहणार. आणि मग आतून, घोगरा, सुकलेल्या घशातून कसाबसा ओढून काढलेला आवाज आला, "आमेन."

बन्यानं जन्मभर आमेन वेळेआधी म्हटलं. तेवढं एक वेळेवर म्हटलं.

उत्तरायणाला तो जरा शुद्धीवर होता. दिवसभर गच्च्यांवरून "काप्यो छे!" चालू होतं, थाळ्या वाजत होत्या. त्यानं खिडकीकडे बोट केलं. बाबांनी भिंतीवरचा पतंग काढला, त्याच्या मुठीतली फिरकी अलगद सोडवून घेतली आणि ते अंगणात गेले. आयुष्यात कधी पतंग उडवला नव्हता त्यांनी. पतंग म्हणजे उनाडांचं काम, असं सांगणारे ते. खिडकीतून आम्ही बघत होतो. ते मागे मागे पळत होते, पतंग जमिनीवर फरफटत होता. एकदा तो माणसाच्या उंचीइतका वर गेला, गिरकी घेतली आणि कडुलिंबात जाऊन फाटला. बन्या हसला. म्हणजे ओठ हलले. आई म्हणाली, "या आता आत. ऊन लागेल." फिरकी त्यांनी परत त्याच्या मुठीत दिली.

दुसरा दिवस म्हणजे वासी उत्तरायण. बडोद्याचे लोक सण शिळा झाला तरी टाकत नाहीत, दुसऱ्या दिवशीही तितक्याच जोरात उडवतात. भर दुपारी, आकाश पतंगांनी भरलेलं असताना, बन्या गेला. आईनं त्याला आंघोळ घातली. जीवीबेन पाणी ओतत होत्या. उजव्या हाताशी आई थांबली. तळहात गुलाबी होता. जीवीबेनांनी तांब्या पुढे केला तर ती म्हणाली, "तो हात तसाच राहू दे."

कबरीपाशी पाळकसाहेबांनी सवयीनं म्हटलं, "यशवंतराव, बे शब्द." बाबा पुढे झाले. डोळे मिटले, तोंड उघडलं. आम्ही सगळे वाट बघत राहिलो. मग त्यांनी डोळे उघडले, आईकडे पाहिलं आणि मागे येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. पुढच्या प्रत्येक बुधवारी, प्रार्थना फिरत त्यांच्यापाशी आली की ते मान खाली घालून एवढंच म्हणत, "पुढे."

पंधरवड्यानं पाळकसाहेब आमच्याकडे आले. भले गृहस्थ होते. मूळचे गुजराती, आमच्याशी आपल्या परीनं मराठी बोलत. निमित्त सांत्वनाचं, पण त्यांचं येणं दुसऱ्याच कारणासाठी होतं, ते मला लगेच कळलं. देवळात प्रभूची प्रार्थना सगळे एका आवाजात म्हणत, आणि 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' या ओळीशी आई गप्प व्हायची. मी शेजारी उभी असे. तिचा आवाज तिथं तुटायचा, तेवढी ओळ रिकामी जायची आणि पुढे रोजच्या भाकरीपाशी तो परत यायचा, चांगला खणखणीत. आम्ही दोघी पुढच्या रांगेत उभ्या राहायचो, त्यामुळे ही गोष्ट लपण्यासारखी नव्हती.

"बेन," ते म्हणाले, "प्रभूनी इच्छा आपण मानायची. लोक बघतात. तुम्ही ती ओळ नाही म्हणत, ते बरोबर नाही ना."

आई म्हणाली, "साहेब, मनात नाही ते देवळात उभं राहून बोलू? घरात खोटं बोलली तर पोरीला मी चिमटा काढते."

"पण प्रभूनंसुद्धा मरणाच्या आधी हेच म्हटलं, बेन. बापाची इच्छा होवो, असं."

"म्हटलं," आई म्हणाली. "पण त्याच्या आधी काय म्हटलं, ते तुम्हीच शिकवलंत मला. आधी तो 'नको' म्हणाला. हे दुःख माझ्यावरून टळू दे, म्हणाला. घाम गळेपर्यंत म्हणाला. ते सोडून एकदम पुढचं कसं म्हणायचं? मी अजून 'नको'पाशीच आहे, साहेब. पुढे गेले की म्हणेन."

दारात बसलेल्या जीवीबेन एकदम म्हणाल्या, "रडवा दो एने, साहेब." रडू द्या तिला. मग पाळकसाहेबांनी टोपी उचलली आणि ते गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही, आणि ही गोष्ट मी त्यांच्या नावावर कायमची जमा धरली आहे.

बाबांनी एकदा, फक्त एकदा, माझ्यादेखत विषय काढला. आई धान्य निवडत होती. बाबा सूप पुढे सरकवत म्हणाले, "मला तसं म्हणायचं नव्हतं."

"म्हणायचं नव्हतं तर म्हटलंत कशाला?"

बाबा, एवढे शब्दप्रभू, सुपातले खडे वेचायला लागले. दोघं निवडत बसली.

मला पुष्कळ वर्षं वाटायचं की आईनं बाबांना दोष दिला, त्यांच्या त्या वाक्यामुळे देवानं बन्या नेला असं तिला वाटलं. मी मोठी झाले, शिक्षिका झाले, एक दिवस धीर करून तिला विचारलं. ती माझ्यावरच चिडली. "मी काय वेडी आहे? ह्यांच्या एका वाक्यावर देव चालतो का? ताप होता, त्या तापानं गेला तो." मग ती खिडकीबाहेर बघायला लागली. म्हणाली, "तेव्हा मी देवाकडे मागत होते, शांता. जिवाच्या आकांतानं मागत होते. मला वाटत होतं, पडद्याच्या पलीकडे हेही मागताहेत. दोघं मिळून मागतोय आम्ही. आणि ते तर प्रार्थना म्हणत होते. मी एकटीच मागत होते गं."

हे ऐकल्यापासून माझी पंचाईत झाली आहे. शाळेत सकाळी मला प्रार्थना सांगावी लागते. बाबांचा आवाज माझ्या गळ्यात उतरला आहे, लोक म्हणतात तसं. शब्दही येतात, रांगेनं येतात. मुली डोळे मिटून उभ्या असतात आणि बोलता बोलता मधेच मला पडदा दिसतो. कुणाच्या घरी कोण आजारी आहे, कुणाचा बाप परगावी आहे, मला ठाऊक असतं. मग मी मधेच थांबते आणि एखादं साधंसुधं वाक्य बोलते. मुलींना वाटतं, बाई विसरल्या.

पण मी आईबाबांच्या संसाराबद्दल चुकीचं सांगते आहे असं नको व्हायला. दोघं भांडत नसत. बाबा तिच्यासाठी मोगऱ्याची वेणी आणत, ती त्यांची पगडी स्वतः झटकून ठेवी. संक्रांतीला ती तिळगूळ करायची, मंडळीतलं कुणी नाक मुरडलं तर म्हणायची, "तिळाचा कुठं बाप्तिस्मा करायचा असतो?" आणि बाबा खो खो हसायचे. फक्त जेवणाआधी घरात शांतता असे. बाबा डोळे मिटत, आम्ही मिटत. कुणीच काही बोलत नसे. जरा वेळानं आई म्हणायची, "वाढू?" पिठल्यावर आता साय येत नव्हती. मला ती साय आठवायची.

गेल्या हिवाळ्यात आईनं अंथरूण धरलं. पुन्हा पौषच. पुन्हा गच्च्या भरलेल्या. छातीत कफ दाटला होता, श्वास घेताना बरगड्या दिसत. नवे पाळक आले, तरुण आहेत, चांगली प्रार्थना करतात. त्यांनी सुंदर शब्दांत तिला प्रभूच्या हाती सोपवलं. मी त्यांना दारापर्यंत पोचवून परत आले तो बाबा तिच्या पलंगाशी खाली जमिनीवर बसले होते. वय झालंय त्यांचं, खाली बसलं की उठवावं लागतं. पण बसले होते. तिचा हात दोन्ही हातांत धरून ते बोलत होते. त्यांचा प्रार्थनेचा आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता, आणि हा तो आवाज नव्हताच. हा चिरका, अडखळणारा, म्हाताऱ्या माणसाचा आवाज होता.

"देवा, हिला नेऊ नकोस. मला करमायचं नाही. मला... मला भीती वाटते. तेव्हा हिच्याबरोबर मागायला हवं होतं, ते मी मागितलं नाही. आता मागतो. नको नेऊस."

आईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, तिनं ऐकलंच नसेल. बाहेर कुणाचा तरी पतंग कापला गेला, थाळ्या वाजल्या. आवाज ओसरला तेव्हा ती म्हणाली, "आमेन."

एवढ्या वर्षांत बाबांच्या प्रार्थनेला तिनं म्हटलेलं ते एकच. दोन दिवसांनी ती गेली. देवानं तेही ऐकलं नाही. का ऐकलं नाही ते मला माहीत नाही आणि कुणी समजावून सांगायला येऊ नये. पण त्या दोन दिवसांत बाबांनी तिचा हात सोडला नाही, आणि आईच्या कपाळावरची आठी, जी मी लहानपणापासून बघत आले होते, ती नव्हती. हेही मला सांगायला हवं.

आता घरात आम्ही दोघंच. बाबा आणि मी. रविवारी देवळात ती ओळ आली की बाबा गप्प होतात आणि भाकरीपाशी परत येतात. ते 'नको'पाशी आहेत. मी त्यांना हात धरून घरी आणते. परवा येताना आमच्या दारातल्या कडुलिंबावर एक गुलाबी पतंग अडकलेला दिसला. बाबा त्याच्याकडे मान वर करून बघत उभे राहिले, मानेला कळ लागेपर्यंत.

जेवणाआधी आता ते पुन्हा मोठ्यानं बोलतात. थोडंच. काल पानावर पिठलं-भाकरी होती. त्यांनी डोळे मिटले. "देवा, भाकर दिलीस, शांतानं ती केली, दोघांचेही उपकार." मग ते थांबले. "ती दोघं तुझ्याकडे आहेत. तिला थंडी सोसत नाही. आणि तो..." त्यांची हनुवटी हलायला लागली. ते मला बघवेना. मी घाईघाईनं म्हटलं, "आमेन!" आणि भाकरीला हात घातला.

बाबांनी डोळे उघडले नाहीत. मिटल्या डोळ्यांनीच ते म्हणाले, "बन्या, अजून संपली नाही."